आधी कोणाला घ्यायचं?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. कागदावर जिल्हे दोन झाले, तरी जुनी माणसं पुढे कितीतरी वर्षं सगळ्या मुलखाला ‘चांदा’च म्हणत राहिली. त्याच दशकात मी पांढरी साडी नेसून, डोक्याला कॅप लावून सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत उभी राहिले. आता निवृत्तीनंतर नव्या मुलींशी बोलायला अधूनमधून बोलावणं येतं. त्यांच्या इमर्जन्सी विभागात शिरलं की दोन्ही काळ एकदम डोळ्यांसमोर उभे राहतात. तातडीच्या वेळी परिचारिकेला काय येत होतं, यावर या जंगलमुलखातली कितीतरी माणसं जगली. ते फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हा प्रपंच.

तेव्हाची कॅज्युअल्टी म्हणजे दारालगतची एक खोली. मध्ये रेक्झिन चढवलेलं लोखंडी टेबल. कोपऱ्यात पांढऱ्या खांद्याचा काळा ऑक्सिजन सिलिंडर आणि भिंतीवरच्या खिळ्याला त्याची चावी. ड्युटीवर आल्याबरोबर आधी ती चावी जागेवर आहे ना, हे पाहायची शिस्त होती. सक्शन मशीन पायानं दाबून चालवायचं, कारण विजेचा नेम नसे. काचेच्या सिरिंजा आणि सुया स्टेरिलायझरमध्ये उकळत, वीज गेली की रॉकेलच्या स्टोव्हवर. सुई बोथट झाली की दगडावर घासून धार लावायची. पांढऱ्या फडक्याखाली इमर्जन्सी ट्रे: ॲड्रेनलिन, ॲट्रोपिन, डेरिफायलिन, सोडाबायकार्ब आणि त्या काळी फार भरवशाचं वाटणारं कोरामिन. स्पिरिट, फिनेल आणि वाफ यांचा मिळून त्या खोलीला एक वास होता. आजही कुठे स्पिरिटचा वास आला की माझा हात आपसूक छातीवर पिनेनं अडकवलेल्या घड्याळाकडे जातो. त्या घड्याळावर आम्ही नाडी पूर्ण एक मिनिट मोजत असू. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलेलं मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टरना, चालत नसे.

पेशंट येत ते खाटेवरून. बाजेला बांबू बांधून चौघे जण आळीपाळीनं खांदा देत नाला ओलांडून येत. कुणी बंडीतून, कुणी लाकडाच्या ट्रकमधून. कधी एसटीचा ड्रायव्हर प्रवाशांसकट गाडी थेट दवाखान्याच्या आवारात घाली आणि कुणी कुरकुर करत नसे. आमचं वर्ष ऋतूंनी ठरलेलं होतं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत पहाटे अस्वलानं फाडलेले चेहरे येत. मग तेंदूपत्त्याचा हंगाम आणि त्यासोबत वाघाचे हल्ले. चंद्रपूरच्या उन्हात लू लागून बेशुद्ध पडलेले मजूर. धानाची रोवणी सुरू झाली की साप आणि वीज. पाऊस ओसरला की मेंदूचा मलेरिया. थंडीत शेकोटीवर पडून भाजलेली लेकरं. घरी दिनदर्शिका नसती तरी दारात काय आलं यावरून आम्हाला महिना सांगता आला असता.

एकावेळी एक पेशंट आला तर निभायचं. पण मजुरांचा ट्रॅक्टर उलटला, लग्नाच्या जेवणातून विषबाधा झाली, की त्या एका टेबलासमोर वीस-पंचवीस माणसं. डॉक्टर एक, तेही कधी ऑपरेशनमध्ये तर कधी दौऱ्यावर. अशा वेळी जो प्रश्न पडे तोच या लेखाचं नाव आहे. ट्राएज हा शब्द आमच्या तोंडी नव्हता, काम मात्र रोजचंच. मोठ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं: “जो ओरडून राह्यला त्याच्यात जीव आहे. जो गप्प पडला त्याच्याकडे आधी जाय.” त्या दारात उभ्या राहून सगळ्यांवरून एकदा नजर फिरवत. कुणाच्या नाकपुड्या फुलतात, कुणाला थंड घाम सुटलाय, कुठल्या लेकराच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडतो. सावळ्या अंगावर फिकटपणा दिसत नाही, म्हणून जीभ, तळहात आणि पापणीची आतली बाजू पाहायची. आमच्याकडे सिकलसेल घराघरांत. त्या मुलांचं हातपाय दुखणं एक वेळ थांबवता येईल, पण सिकलसेलचं मूल छाती दुखते म्हणालं तर त्याला रांगेत ठेवायचं नाही, हे त्यांनी पुस्तक न उघडता सांगितलं होतं.

हे ज्ञान सोन्यासारखं होतं, पण त्याला अधिकाराचं पाठबळ नव्हतं. गावचा पुढारी जखमी बोट घेऊन आला की त्याच्यासोबतची दहा माणसं खोलीत घुसत. कोपऱ्यात गप्प पडलेल्या माडिया आदिवासी बाईच्या बाजूनं बोलायला कुणीच नसे. अशा वेळी परिचारिकेनं ‘थांबा’ म्हणायला नुसतं कौशल्य पुरत नसे, छातीही लागे. मोठ्या बाईंना ती होती. ज्या पाळीला त्या नसत, त्या पाळीला काय होई, हे ज्याच्या त्याच्या धिटाईवर अवलंबून राही.

आज त्या दारात टेबल असतं आणि मागच्या भिंतीवर रंग. लाल म्हणजे आत्ताच, पिवळा म्हणजे थोडा वेळ थांबू शकेल, हिरवा म्हणजे चालता-बोलता, काळा म्हणजे हाताबाहेर गेलेला. नव्या मुली श्वास, नाडी, रक्तदाब, शुद्ध, ऑक्सिजन यांचे आकडे घेतात आणि मनगटावर पट्टी बांधतात. नेपोलियनच्या फौजेतला शल्यचिकित्सक डॉमिनिक जाँ लारे यानं दोनशे वर्षांपूर्वी नियम घातला होता की जखमीचा हुद्दा पाहू नका, जखम पाहा. तो नियम आमच्या मुलखात भिंतीवर लागायला इतका काळ गेला, पण लागला. आता पुढाऱ्यानं आवाज चढवला तर बावीस वर्षांची मुलगी शांतपणे सांगते, “काका, तुमचा रंग हिरवा आहे. त्या ताईंचा लाल आहे.” वाद तिच्याशी उरत नाही, नियमाशी उरतो. माझ्या पिढीला ज्या गोष्टीसाठी भांडावं लागलं ती तिला रंगानं मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

तरी एक गोष्ट तिला आवर्जून सांगते. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर थंड पडलेल्या बोटावर नीट वाचत नाही, आणि सावळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. आकडा चांगला आणि नाकपुड्या फुललेल्या असतील, तर नाकपुड्यांवर विश्वास ठेव.

वीज पडल्यावर तर हा सगळा क्रम उलटा करावा लागतो. रोवणीच्या बांधीत एकाच झाडाखाली सात-आठ बाया उभ्या असतात आणि वीज पडते. एरवी नाडी-श्वास नसलेल्याला काळा रंग मिळतो आणि जिवंत माणसाकडे वळायचं असतं. विजेच्या धक्क्यात मात्र जे हलताहेत, कण्हताहेत, ते बहुधा वाचतातच. निपचित पडलेल्याचं हृदय धक्क्यानं थांबतं आणि बऱ्याचदा आपणहून पुन्हा सुरू होतं, पण श्वास सुरू होत नाही. तेवढा वेळ कुणी श्वास दिला तर तो माणूस घरी परततो. म्हणून इथे आधी मेल्यासारखं दिसणाऱ्याकडे धावायचं. आमच्या काळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. निपचित पडलेल्या बायांना झाडाखालीच चादरीनं झाकून ठेवत आणि धुगधुगी असलेल्यांना बंडीत घालत. आज हे शिकवलं जातं, आणि माझ्या मते आमच्या दोन जिल्ह्यांत प्रत्येक आशाताईला, प्रत्येक ग्रामपंचायत सदस्याला ते पाठ असलं पाहिजे.

श्वासाची खरी गोष्ट बाळंतपणाच्या खोलीतली. “बाई, लेकरू रडूनच नाही राह्यलं,” हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येई. सुईणी न रडणाऱ्या बाळाची वार निखाऱ्यावर शेकत, कारण नाळेतून जीव परत चढतो अशी समजूत. दवाखान्यात आम्ही बाळाला पायाला धरून उलटं करत असू, पाठीवर थापा मारत असू, गार आणि कोमट पाणी आलटून पालटून शिंपडत असू. तेव्हा तशीच रीत होती. म्यूकस सकरची एक नळी बाळाच्या घशात आणि दुसरी आमच्या तोंडात. मग तोंडावर गॉज ठेवून फुंकर. त्यातली काही बाळं आज बापे होऊन मला बाजारात ‘जोहार’ घालतात.

या गोष्टीला जगाच्या नकाशावर नेलं ते गडचिरोलीनंच. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’चं काम सुरू केलं. धानोरा रस्त्यावर शोधग्राम उभं राहिलं, तिथल्या दवाखान्याला आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं नाव दिलं गेलं. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांच्या सेवेचा प्रयोग केला. आरोग्यदूत म्हणून निवडलेल्या बाया गावातल्याच, शाळा थोडीफार शिकलेल्या. त्यांना बाहुलीवर शिकवलं: बाळ कोरडं कर, ऊब दे, मान सरळ कर, श्वासनलिका मोकळी कर, तरी श्वास नसेल तर मास्क लावून हवा दे. आधी नळी-मास्क होता, १९९९ पासून पिशवी-मास्क आला, म्हणजे आमची अंबू बॅग. पूर्वी त्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बाळं दगावत. तिसऱ्या वर्षी तो आकडा २५च्या आसपास आला, आणि हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापले. गंभीर श्वासरोध झालेल्या शंभर बाळांपैकी पूर्वी ३९ जात, ती संख्या पुढे २० वर आली. मातीच्या घरात, चिमणीच्या उजेडात. पुढे २०११ मध्ये नवजात बाळाची ही घरातली सेवा देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात आली.

आम्हा शिकलेल्या परिचारिकांना यानं एक गोष्ट कायमची शिकवली. श्वास देणं हे हातात बसवायचं कसब आहे. ते बसवण्यासाठी मोठी पदवी लागत नाही; ठरलेला क्रम, बाहुली आणि पुन्हा पुन्हा सराव लागतो. २००९ मध्ये सुरू झालेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमानं लेबर रूममधल्या परिचारिकांना हेच दिलं. जन्मानंतरचं पहिलं मिनिट सोन्याचं. बाळाला उलटं टांगणं बंद, थापा बंद, प्रत्येक बाळाचा घसा खरवडून काढणं बंद. पाठ चोळा, तळव्यावर टिचकी मारा, नाही तर बॅग: ‘दाबा-दोन-तीन, दाबा-दोन-तीन’, मिनिटाला ४० ते ६० वेळा, आणि छाती वर येते की नाही याकडे डोळे. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला साधी हवा पुरते, शुद्ध ऑक्सिजनची घाई नको, हेही आता पक्कं झालं आहे. बंद पडलेल्या सिलिंडरकडे पाहून हताश होणाऱ्या माझ्या पिढीला हे तेव्हा कळतं तर किती बरं झालं असतं.

मोठ्या माणसाचं हृदय थांबलं तर आम्ही काय करत होतो? कोरामिन टोचत होतो. डॉक्टर लांब सुईनं थेट हृदयात ॲड्रेनलिन देत. छाती दाबत होतो, पण मध्ये मध्ये थांबून, नाडी चाचपून, नातेवाइकांना बाहेर काढून, सलाईन लावून. बाहेरून छाती दाबून रक्त फिरवता येतं, हे अमेरिकेत कौवेनहोवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्येच मांडलं होतं. आम्ही ते वाचलंही होतं. मात्र सराव उशीवर केलेला, आणि उशी कधी सांगत नाही की तू कमी दाबलंस. आजची बाहुली टक् असा आवाज करून सांगते. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली पाच ते सहा सेंटिमीटर, तीस दाबांमागे दोन श्वास, आणि मध्ये थांबणं शक्य तितकं कमी. २०१० मध्ये क्रमही बदलला: आधी छाती, मग श्वास. कोरामिन गेलं, हृदयातली सुई गेली, सरसकट सोडाबायकार्ब गेलं. राहिले ते दोन हात, आणि त्या हातांना आता मोजमाप मिळालं.

सापाच्या बाबतीत जुनं आणि नवं यांची सांगड सर्वांत सुंदर बसली, असं मला वाटतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना नाही, सूज नाही, पहाटे पोटात दुखतं. मोठ्या बाई पावसाळ्यात पहाटे पोटदुखी घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या पापण्या पाहत. त्या जड दिसल्या की म्हणत, “रात्री कुठं झोपला होता?” तेवढ्या एका प्रश्नात निदान होई. पण पुढे अडे. पापण्या मिटत, मान पडे, श्वास थांबे आणि नातेवाईक हंबरडा फोडत. आजच्या मुलीला माहीत आहे की हा माणूस मेलेला नाही. त्याला सगळं ऐकू येतंय, फक्त छातीचे स्नायू लुळे पडलेत. ती सर्पविषरोधकाच्या दहा कुप्या चालू करते आणि बॅग दाबत राहते, तासन्‌तास, गरज पडली तर अहेरीपासून चंद्रपूरपर्यंतच्या रस्त्याभर. घोणस असेल तर कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवते आणि गोठलं का ते पाहते. या परीक्षेला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. आमच्या स्टोव्हच्या काळातही ती करता आली असती. घट्ट दोरी आणि ब्लेडचे काप मात्र आता इतिहासजमा झाले पाहिजेत.

रस्त्याचा विषय निघाला की मला हेमलकसा आठवतं. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा भामरागडच्या त्या रानात रस्ता नव्हता, वीज नव्हती. सर्जरीचं शिक्षण अर्धवट सोडून आलेले डॉ. प्रकाश आमटे आणि भूलशास्त्र जाणणाऱ्या डॉ. मंदाकिनी आमटे यांनी झोपडीत, कंदिलाच्या उजेडात अस्वलानं फाडलेले चेहरे शिवले. त्यांना २००८ मध्ये मॅगसेसे मिळालं तेव्हा आम्ही ड्युटीरूममध्ये पेढे वाटले होते, कारण ते काम आमचंच होतं असं आम्हाला वाटलं. आता २०१४ पासून १०८ची गाडी आहे, तिच्यात डॉक्टर आहे, ऑक्सिजन आहे, शॉक देण्याचं यंत्र आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये मेडिकल कॉलेज झालं, पुढे गडचिरोलीलाही झालं. बाळंतिणीला आधीच आणून ठेवायला माहेरघर आहे. उन्हाळ्यात शीतकक्ष आहे, आणि उष्माघाताच्या माणसाला आधी थंड करायचं, मग हलवायचं, हे कक्षसेवकालाही ठाऊक आहे.

आणि तरीही पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड आजही तुटतं. गाडी पुलाच्या या काठावर उभी राहते आणि पलीकडून खाट येते, तशीच, बांबूला बांधलेली. त्या काठावरच्या आरोग्य केंद्रात रात्री बहुतेक वेळा एक परिचारिका असते. तिच्या हातात किती आहे, एवढ्यावर त्या खाटेचं भवितव्य ठरतं. चाळीस वर्षांत हे बदललेलं नाही, आणि रानाचा, नद्यांचा हा मुलूख पाहता लवकर बदलणारही नाही.

जुन्या काळाचं मला काय हवंसं वाटतं, असं नव्या मुली विचारतात. आवारात तीन दगडांच्या चुली मांडून नातेवाईक राहत, त्यांच्याशी आम्ही बोलत असू. त्या बोलण्यातून माडिया, गोंडी भाषेतले दुखण्याचे शब्द आम्हाला आले. घाबरलेल्या बाईला तिच्या बोलीत कुठं दुखतं विचारलं की ती अंग सैल सोडते आणि तपासणी निम्मी होते. हे शब्द कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये नाहीत. ते शिकायला वेळ काढायला हवा. वॉर्डात एकीनं साठ पेशंट बघायचे आणि वर ऑनलाइन नोंदीही भरायच्या, तर हा वेळ येणार कुठून? पदं भरली तरच तो येईल. दुसरं म्हणजे मोठ्या बाईंसारखी दारात उभं राहून सगळ्यांवरून फिरणारी ती पहिली नजर. रंगांची पट्टी त्या नजरेनंतर यावी, तिच्याऐवजी येऊ नये.

बाकी काळ मागे जावा असं मला मुळीच वाटत नाही. तेव्हाचं ज्ञान माणसासोबत बदलून जाई. मोठ्या बाईंची बदली झाली तेव्हा त्यांच्याबरोबर अर्धी कॅज्युअल्टी गेली. आज ज्ञान भिंतीवर आहे, पुस्तकात आहे, नव्या नर्सिंग अभ्यासक्रमात आहे. पण ते एकदा शिकून भागत नाही. छाती दाबण्याचं, बॅगेनं श्वास देण्याचं कसब सरावाशिवाय काही महिन्यांतच हातातून निसटतं, हे अनेक देशांतल्या परिचारिकांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं आहे. एकदा प्रमाणपत्र घेतलं आणि फाइलला लावलं, एवढ्यावर जंगलातली परिचारिका तयार राहू शकत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आणि खर्चाला हलकं आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मोठ्या माणसाची एक बाहुली, बाळाची एक बाहुली आणि सरावाची वेगळी अंबू बॅग असावी. दर महिन्याला एक तास त्यांच्यावर हात चालावेत, एएनएमपासून कक्षसेवकापर्यंत सगळ्यांचे. रोवणीच्या आधी विजेचा आणि सापाचा सराव, मार्चमध्ये लूचा, वर्षातून दोनदा वीस जखमी एकदम आल्याची रंगीत तालीम. त्या तासाला वरिष्ठांनी ड्युटी मानावं, उपकार मानू नये. शाळा थोडीफार शिकलेल्या गावातल्या बाईच्या हातात श्वास देण्याचं कसब बसवून या मुलखानं एकदा जगाला दाखवून दिलं आहे. त्याच मुलखात तीन-चार वर्षं शिकून आलेल्या परिचारिकेच्या हातातलं कसब वर्षभर ताजं ठेवणं आपल्याला नक्की जमेल, आणि ते आपण केलंच पाहिजे.